ट्रकपुढचं धुकं

पाचव्या गल्लीतल्या माणकचंदांनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ट्रक चालवायला घेतला, तोही घरात खुर्चीवर बसून. नातू रोनक नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा आपला जुना कम्प्युटर दादाजींना देऊन गेला. त्यात ट्रकचा एक गेम होता. माल भरायचा, घाट चढायचा, ठरल्या वेळी पोचवायचा. दर रविवारी सकाळी नऊला पुण्याहून रोनक आणि धुळ्याहून माणकचंद आपापले ट्रक काढायचे आणि कानाला हेडफोन लावून एकामागे एक निघायचे. फोनवर हा पोरगा "हो", "हां", "ठेवतो" याच्या पुढे जायचा नाही, पण स्टिअरिंग हातात आलं की पोटातलं सगळं सांगायचा. साहेब कसा छळतो, डब्यातली भाजी कशी पाणचट असते, सगळं. त्यामुळे रविवार म्हणजे माणकचंदांचा जीव की प्राण झाला होता.

बाकीचे सहा दिवस ते आग्रा रोडवरच्या आपल्या मॅचिंग सेंटरमध्ये बसत. साडीला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. अशी दुकानं धुळ्यात पैशाला पासरी, पण माणकचंदांची, म्हणजे सगळ्यांच्या नानांची, नजर ती नानांची नजर. बाईने पिशवीतून साडी अर्धी काढली न काढली तोच ते म्हणायचे, "तिसरा खण, वरून सहावा तागा." तागा उलगडला की साडीत मिसळून जायचा. नवीन हा त्यांचा मुलगा वीस वर्षं दुकानात होता, हिशेब-खरेदी सगळं तोच बघायचा, पण रंगावर गाडी अडली की बापाच्या तोंडाकडे बघायचा. नानांना त्याचा कोण अभिमान! वरून मात्र म्हणायचे, "मी मेल्यावर काय करशील रे?"

मागच्या दिवाळीनंतर जळगावला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं. निघताना डॉक्टर म्हणाले, "पुढे कधी अचानक धूसर दिसलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं, तर घरी बसून राहू नका, तडक या." पथ्यं, थेंबांच्या वेळा, बाकीचं सगळं नाना विसरले. हे एक वाक्य तेवढं खिळा ठोकल्यासारखं डोक्यात बसलं.

आणि फेब्रुवारीत गेममधला रस्ता धूसर व्हायला लागला.

आधी लांबच्या पाट्या वाचता येईनात. मग वळणं दिसेनात. आकाशाचा चांगला आस्मानी रंग उतरून मळकट बदामी झाला, हेही नानांनी टिपलं. मार्चमध्ये त्यांचा ट्रक तीनदा उलटला, एकदा तर संत्र्यांनी भरलेला. नाना इतक्या जोरात "मेलो, मेलो" ओरडले की त्यांची बायको जतनबाई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. आणि त्यानंतर आठवड्याभरात ते दुसरं सुरू झालं. चित्र लुकलुकायचं. मधूनच काळं व्हायचं, परत यायचं, परत चमकायचं.

धूसर आणि चमक. डॉक्टर म्हणाले होते ती दोन्ही लक्षणं.

आता तुम्ही म्हणाल, पेपर वाचून बघायचा की. वाचला ना! स्वच्छ दिसला. पण भ्यालेल्या माणसाला कुठला पुरावा पटतो? नाना स्वतःला म्हणाले, पेपर काय, पन्नास वर्षांची सवय, अर्धा मी अंदाजानेच वाचतो. कूलर लावला की लुकलुकणं वाढतं, हेही त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी ठरवलं की ऑपरेशनच्या डोळ्यांना वारा बाधतोय. झालं, कूलर बंद! धुळ्याचा एप्रिल, बेचाळीस डिग्री, आणि हा गृहस्थ बनियन पिळून काढत ट्रक चालवतोय.

रोनकला त्यांनी घाबरत घाबरत एवढंच सांगितलं, "चित्र जरा धूसर येतंय रे."

"थांबा दादाजी, इथूनच बघतो." रोनकने पुण्यात बसून धुळ्याचा कम्प्युटर आपल्या लॅपटॉपवर उघडला. नानांच्या समोर बाण आपोआप फिरायला लागला. पोराने सगळं केलं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. रिझोल्यूशन कमी पडलं होतं ते पूर्ण केलं. वेगात चित्र मुद्दाम पुसट करणारं सेटिंग असतं, तेही बंद केलं. मग ट्रक दोन मैल चालवून बघितला आणि म्हणाला, "एकदम क्लिअर! माझ्याकडे तर काचेसारखं दिसतंय. लुकलुकत पण नाहीये. आता तुमच्याकडे?"

नानांच्या समोर धुकं होतं तसंच होतं. तेवढ्यात चित्र दोनदा लुकलुकलंही. तेच चित्र, त्याच वेळी, नातवाला स्वच्छ आणि आपल्याला धूसर. म्हणजे बिघाड कशात आहे हे आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

"हां हां," ते म्हणाले, "आता झक्कास."

तडक जळगाव गाठायचं की नाही? नाही गेले. डॉक्टर "हो" म्हणाले तर काय, या भीतीने नाहीच गेले. शुद्ध गाढवपणा, दुसरं काय! दोन रविवार पोट बिघडल्याचं सांगून ट्रक काढला नाही. कंबर धरली म्हणून दुकानात जाणं बंद केलं. एखाद्या बाईला चुकीचा तागा दिला आणि ती परत आली तर? बावन्न वर्षांत एकही मॅचिंग परत आलं नव्हतं. ते परत येण्याआधीच आपण दुकानाच्या गादीवरून उठलेलं बरं. मनाशी पक्कं करून ते नवीनला म्हणाले, "आखाजीला जेवणं झाली की बस माझ्याजवळ. एक सांगायचंय." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. काय सांगायचं त्याची वाक्यंही त्यांनी जुळवून ठेवली होती.

अशात एके दिवशी सकाळी दिपमाला दारात उभी राहिली. बाई मूळची शिंदखेड्याची, गल्लीच्या तोंडाशी तिचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"रोनकचा फोन आला नाना. म्हणे, दादाजी ट्रक काढत नाहीत, कम्प्युटर तापून बंद पडत असेल. उन्हाळ्याची धूळ काढून द्या."

"काही झालेलं नाही त्याला," नाना घाईने म्हणाले. "एकदम उत्तम चालतो. चहा घे आणि जा."

पण जतनबाईंनी तोवर तिला खोलीत नेलं होतं. खोलीत सोफ्याला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, घड्याळाच्या डब्यालासुद्धा प्लास्टिक. दिपमालाने कम्प्युटरचा डबा उघडून आतल्या पंख्यांवरची धूळ ब्रशने काढली, डबा बंद केला, कम्प्युटर सुरू केला आणि गेम लावला. ट्रक रस्त्याला लागला. नाना मागे भिंतीला टेकून उभे होते. ती आता म्हणणार, छान चाललाय नाना, आणि तिच्यासमोर आपल्याला मान डोलवावी लागणार, अशी त्यांना धास्ती होती.

दिपमाला पुढे झुकली. मग मागे झाली. चष्मा काढून ओढणीने पुसला आणि परत लावला.

"अरे देवा! नाना, हे असं दिसतं?"

"कसं?" नानांनी विचारलं.

"कसं म्हणजे? धुकं पडल्यासारखं. पाटीवरचं अक्षर लागत नाही. आणि हे बघा, लुकलुकलं! अशात ट्रक चालवत होता तुम्ही?"

"तुला दिसतंय ते?" नाना भिंत सोडून पुढे आले. "तुझ्या डोळ्यांना दिसतंय?"

"दिसणार नाही तर काय! मी काय आंधळी आहे का?"

नाना मटकन पलंगावर बसले. त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. जतनबाई घाबरल्या, पाणी आणायला धावल्या. आणि मग नानांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं, डॉक्टरांचं वाक्य, बाधणारा वारा, काचेसारखं दिसणारं पुणं, सगळं. जतनबाईंनी ऐकलं आणि तांब्या आपटला. "दोन महिने? दोन महिने मनात ठेवलं? आणि माझ्यापासून लपवलं? परवाच जळगाव, आणि एक शब्द बोलायचा नाही!"

दिपमाला मात्र हसायला लागली होती. तिच्या तोंडून शिंदखेड्याची बोली आपसूक बाहेर पडली. "नाना, तुमना डोया नीट शेतस! डोळ्यांना काही झालेलं नाही. अहो, रोनकला पुण्यात दिसतं ते कम्प्युटरच्या पोटातलं चित्र. ते स्वच्छच आहे. पोटातून बाहेर येऊन तुमच्या पडद्यावर पोचेपर्यंत कुठंतरी बिघडतंय. ते त्याला तिथून दिसायचं कसं? बिघाड वायरीत नाही तर मॉनिटरमध्ये. अक्का, कूलर लावा बरं."

कूलर लागला. चित्र लुकलुकायला लागलं. दिपमाला टेबलाखाली शिरली, मोबाइलचा उजेड मागे टाकला.

"नाना," ती खालून म्हणाली, "मॉनिटरच्या वायरीला पाच मिरच्या आणि एक लिंबू कोणी टांगलंय?"

नानांनी जतनबाईंकडे पाहिलं. जतनबाईंनी कूलरकडे पाहिलं.

"मी," त्या म्हणाल्या. "तीनदा उलटला ना ट्रक! नजर लागल्याशिवाय कोणाचा ट्रक तीनदा उलटतो? पुढे बांधलं असतं तर तुम्ही ओरडला असता. म्हणून मागच्या जाड वायरीला बांधलं. दर शनिवारी नवं बांधते."

कूलरच्या वाऱ्याने लिंबू झोके घ्यायचं, वायर हलायची, आणि आधीच सैल असलेलं तिचं टोक मागून निसटू बघायचं. दिपमालाने लिंबू-मिरची सोडली, टोक नीट आत दाबून बसवलं. कूलर पूर्ण जोरात लावला. चित्र जागचं हललं नाही.

"दारावर बांधा अक्का," ती म्हणाली. "ट्रक शेवटी दारातूनच जाणार ना!"

लुकलुकणं गेलं, पण धुकं होतंच. दिपमालाने पडद्याच्या कोपऱ्यावर नख फिरवलं. परत फिरवलं. नखाखाली काहीतरी सुटलं.

"हा मॉनिटर कधीचा?"

"गेल्याच्या आदल्या दिवाळीला नवीनने जळगावहून आणला. दीड वर्ष झालं," नाना म्हणाले. "अजून नवाच आहे. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो आणि गल्ल्यासारखी त्यालाही उदबत्ती ओवाळतो."

"आणि वरचं प्लास्टिक?"

"आहे की! मी कोणाला काढू दिलं नाही."

बोललेले शब्द नानांच्या स्वतःच्याच कानांवर पडले. दीड वर्षाची उदबत्तीची धुरी, त्यावर रोजचं ओलं फडकं. सोफ्याचं प्लास्टिक असं पिवळट आणि दुधाळ झालेलं ते रोज बघत होते. पडद्याचं काही त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. तरीसुद्धा दिपमालाने कोपरा उचलला तेव्हा त्यांचा हात सवयीने पुढे गेला. "अगं, जपून! नवं आहे ते!"

"नाना!" दोघी एकदम ओरडल्या.

"बरं, बरं. मीच काढतो."

त्यांनी दोन बोटांनी कोपरा धरला आणि सरळ ओढला. चर्रर्र करत अख्खं प्लास्टिक निघून आलं. समोर घाट होता, घाटाची पाटी होती, पाटीवरची अक्षरं होती, आणि वर लख्ख आस्मानी आकाश. बाजूला झाडं, त्यांची पानं सुटी सुटी मोजावीत अशी.

"बघ," नाना हातातलं प्लास्टिक उजेडाला धरून म्हणाले, "हाच तो बदामी. मी म्हणत होतो ना आकाश बदामी झालंय!"

"झालंच होतं की," दिपमाला म्हणाली. "डोळे बिघडले असते तर हा रंग तुम्हाला कळला असता का? आणि मला सांगा, या दोन महिन्यांत दुकानातून एक तरी मॅचिंग परत आलं?"

हे एवढं साधं नानांनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

चहा झाला. निघता निघता दिपमाला अडखळली आणि तिने कापडी पिशवीतून एक साडी काढली. "नाना, कंबर दुखते म्हणता, म्हणून मघाशी विचारलं नाही. आखाजीला आईला द्यायची आहे. तीन दुकानं फिरले, कुठंच ब्लाउजपीस जुळत नाही."

नानांनी साडी घेतली आणि खिडकीपाशी नेली. पदर एकदा उजेडात धरला, एकदा सावलीत. त्यांना घाई नव्हती.

"सगळ्यांनी तुला हिरवं दाखवलं असेल," ते म्हणाले. "हा हिरवा नाहीच. ही ओली बडीशेप आहे." मग त्यांनी फोन उचलून दुकानात लावला. "नवीन, दुसरा खण, खालून चौथा तागा. एक मीटर कापून ठेव, दिपमाला येतेय. नाही, नाही, शेजारचा नको, तो पिवळ्याकडे झुकतो. चौथाच."

अर्ध्या तासाने नवीनचा फोन आला. नानांनी हिरवं बटण दाबून फोन कानाला लावला.

"बाबूजी, साडीवर ठेवला तर कापडाची कड कुठंय ते दिसेना! दिपमालाताई खूश होऊन गेल्या. मी तासभर शोधलं असतं तरी मला सापडला नसता." मग त्याने विचारलं, "तुम्ही आखाजीला काहीतरी सांगायचं म्हणत होतात. काळजीचं आहे का काही?"

जुळवून ठेवलेली वाक्यं नानांना आठवली. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी साडी वाळत होती, लांब होती, तरी तिच्या काठाची जर जुनी होऊन तांबूस पडलीये हे इथून दिसत होतं.

"आखाजी कशाला, आत्ताच ऐक," ते म्हणाले. "उद्या सकाळी माझी गादी झटकून ठेव. मी येतोय."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले, हेडफोन शोधायला लागले आणि जतनबाईंना म्हणाले, "अगं, तो कूलर अजून मोठा कर."