शर्टाची पाठ

"गंधक, लोखंड आणि पाणी एका डब्यात घातलं की दुसरीकडून ॲसिड बाहेर. हा काय पोरखेळ आहे?" आमचे हे कॉम्प्युटरपुढे कुरकुरत होते.

"खेळच आहे तो," मी म्हटलं. "पोरीनं वेळ जायला दिलाय, चुका काढायला नाही."

"अगं, गंधक पाण्यात विरघळतं तरी का? आधी जाळावं लागतं. मग त्या धुराशी झुंजायचं."

ह्यांची उभी हयात ॲसिडच्या प्लांटमध्ये गेली. डावा डोळाही तिथंच गेला. आता हे घरी, आणि लेक त्याच प्लांटवर ऑपरेटर. ती शिफ्टला गेली की हे तो कारखाना बांधायचा खेळ उघडून बसतात. त्यात पाइप गळत नाही, टाकी गंजत नाही, कुणाला ठसका लागत नाही. तरी हे प्रत्येक टाकीपासून गेटपर्यंत रुंद वाट मोकळी सोडतात.

"बाबा, इथे माणसंच नाहीत. पळणार कोण?" लेक हसते.

"तू. काही फुटलं की व्हॉल्व्ह बंद करायला धावायचं नाही. पाठ फिरवायची आणि पळायचं."

"तुम्ही पळालात?"

हे पुन्हा खेळात डोकं घालतात. ह्यांचे शर्ट मी धुतलेत. ॲसिडचे शिंतोडे आधी दिसत नाहीत. धुऊन उजेडात धरलं की तिळाएवढी भोकं दिसतात. ह्यांची भोकं कायम छातीवर. मेला जागचा हलायचाच नाही हा माणूस. आणि पोर बापावर गेलीय, हाच माझ्या जिवाला घोर.

त्या दिवशी शिफ्ट सुटून बराच वेळ झाला तरी ती आली नाही. फोन गेटवर जमा असतो, लावून उपयोग नव्हता. मी उगाच दार उघडत होते, लावत होते. ह्यांचा हात माउसवर होता, पण पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

ती आली तेव्हा केस ओले होते. अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट, स्वतःचा पिशवीत.

"पाइपाचा जोड सुटला," ती म्हणाली. "लगेच शॉवरखाली उभं केलं. डॉक्टरांनी बघितलं, काही झालेलं नाही. आई, पडते जरा."

"तू काय केलंस तेव्हा?" ह्यांनी विचारलं.

"उद्या सांगते, बाबा." ती आत गेली.

ह्यांचा चेहरा उतरला. मी तिचा शर्ट बादलीत खळबळून पिळला आणि खिडकीशी धरला.

"आहेत?"

"आहेत."

"कुठं?"

मी शर्ट उलटसुलट करून पाहिला. पुन्हा पाहिला. "सगळी पाठीवर."

"म्हणजे पळाली," हे म्हणाले. "आण इकडे."

ओला शर्ट मांडीवर पसरून हे त्याच्या पुढच्या, धड बाजूवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसले.