तिजोलेन्सेचे सात जण

शनिवारी सकाळी ओझोरिओ कचऱ्याची गाडी धूत होता. दोना क्लोतिल्दे फाटकातून आत आली आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता म्हणाली, "उद्या तुला खेळायचंय."

"मला? बाई, सेहेचाळीस वर्षांचा आहे मी. गुडघा दिवसभर बोंबलत असतो."

"गुडघ्याला कोण विचारतंय? तुझं नाव यादीत आहे."

होतं खरं, आणि ती क्लोतिल्देचीच चूक होती. चौतीस वर्षं ती तिजोलेन्से फुटबॉल क्लबची चिटणीस होती, पण एकाही खेळाडूचं नाव खोडायला तिचा हात धजला नव्हता. दरवर्षी जुनी नावं ती नव्यानं भरून संघटनेकडे पाठवायची. त्यात सुटलेल्या पोटांचे होते, टकले होते, दोघे तर देवाघरी गेलेले होते. संघटनेनं तीनदा खरमरीत पत्र पाठवलं. "ज्यानं आमचा शर्ट घातला तो आमचा," असं तिनं तीनदा उत्तर धाडलं.

या क्लबाचा जन्मच मुळी हट्टातून झालेला. १९३१ साली आमच्या पेद्रा मान्सा गावात एकच मैदान होतं, कॉफीवाल्या जमीनदारांचं. वीटभट्टीवरच्या काळ्या-सावळ्या मजुरांना तिथं कुंपणापाशीसुद्धा उभं राहू देत नसत. मजुरांनी नदीकाठी स्वतःचं मैदान आखलं. पहिल्या सामन्याचं तिकीट होतं एक वीट. त्या विटांचीच प्रेक्षकांची गॅलरी उभी राहिली. विटा भट्टीमालकाच्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालकालाही; पण दोनशे माणसांपैकी चोर कोणाला म्हणायचं? अठ्ठावन्न साली याच क्लबानं जमीनदारांना तीन-दोन हरवलं. जमीनदारांच्या मैदानावर आता पेट्रोलपंप आहे.

आता गाठ पडली होती घरच्याच माणसाशी. क्लबाचे अध्यक्ष डॉक्टर युरिपिदेस. आयुष्यात कुणाला सर्दीची गोळी दिली नाही, पण सुटाबुटातल्या माणसाला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. त्यांना मैदानावर मोठं दुकान बांधायचं होतं. जमीन नगरपालिकेची, आणि क्लब खेळत राहील तोवरच ती क्लबाची. हंगामातला एक सामना जरी बुडाला तरी संघटना क्लबाचं नाव काढून टाकते. डॉक्टरांनी गुरुवारी चालू संघातल्या सगळ्या खेळाडूंना मोकळं केलं. सामना रविवारी. क्लोतिल्देनं दीड दिवस गाव पालथं घातलं आणि यादीतले सात जण जमवले. सातापेक्षा कमी माणसं असली की पंच सामना थांबवतो, आणि थांबलेला सामना बुडालेलाच धरतात.

ओझोरिओ "हो" म्हणाला, पण त्याला तो जुना सामना आठवला. नव्व्याण्णव साली चौघांना बाहेर काढल्यावर तिजोलेन्सेचे सातच उरले होते आणि आठ गोल बसले होते. प्रशिक्षक ओरडला, "कुणीतरी पडा रे!" ओझोरिओ पडला. धडधाकट पाय धरून कण्हत राहिला. सामना थांबला, फजिती आटोपली. त्यानंतर बेकरीवाली वर्षभर पाव देताना विचारायची, "पाय बरा का, राजा?" थांबलेला सामना बुडालेला धरायचा हा नियम संघटनेनं केला तोही त्याच सामन्यानंतर.

रविवारी सात जण उतरले. गोलात न्हावी आदाल्बेर्तो, पुढं गवंडी निवाल्दो, बाकीचेही असेच. समोर अकरा तरणेताठे. मध्यंतराला सात-शून्य झालं होतं.

डॉक्टर कपडे बदलायच्या खोलीत आले, आवाजात साखर घोळवून. "मित्रांनो, गावाची शोभा किती करायची? एकानं पडायचं, बस्स. घरी जाऊन जेवा. ओझोरिओ, तुला तर सवय आहे."

ओझोरिओचे कान तापले. क्लोतिल्दे म्हणाली, "डॉक्टर, ही खोली खेळाडूंची आहे. दार तिकडं."

सत्तराव्या मिनिटाला ओझोरिओचा गुडघा खरंच गेला. आत काहीतरी सटकन तुटलं आणि तो गवतावर आदळला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पंच धावत आला. "काका, जमत नसेल तर सांगा. मी थांबवतो."

समोरचा कप्तानही वाकला. पोरगा मनानं चांगला होता. "झोपून राहा ना, काका. या वेळी तुम्हाला कोण काय म्हणणार?"

तेच तर होतं. या वेळी कुणीच काही म्हणालं नसतं. बेकरीवाली रडली असती, डॉक्टरांनी हार घातला असता, आणि महिन्याभरात बुलडोझर आला असता. ओझोरिओला स्वतःचा इतका संताप आला, की पाय तोडून फेकून द्यावासा वाटला.

"निवाल्द्या, हात दे."

"अरे, मोडलाय तो!"

"म्हणून दोन दिलेत देवानं. हात दे म्हणतो ना!"

तो एका पायावर उठला आणि गोलाच्या खांबाला टेकून उभा राहिला. चेंडू आला की छाती पुढं करायचा, कधी डोकं. वेदनेनं त्याला रडू येत होतं आणि ते तो लपवतही नव्हता. गॅलरीत आधी कुजबुज झाली. मग माणसं उठली, आणि शेवटची वीस मिनिटं कुणी खाली बसलं नाही. पाहुण्यांचे लोकही उभे होते.

शिट्टी वाजली. चौदा-शून्य. पंचानं कागदावर 'सामना पूर्ण' असं लिहून सही केली. क्लोतिल्देनं ती सही तिथंच दोनदा वाचली.

डॉक्टर मैदानात आले. चेहरा उतरला होता, पण जीभ चालूच होती. "चौदा गोल खाल्लेत! लाज नाही वाटत?"

ओझोरिओनं खांब सोडला नाही.

"खाल्ले," तो म्हणाला. "उभ्यानं खाल्ले."