जोयानाची धार

क्लुज शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलातून डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "खेड्यातले कॅन्सरचे पेशंट उपचार अर्धवट का सोडतात?"

"गाईपायी," गावची नर्स सावेता फणकारली. "दीड महिना शहरात राहायचं, तर धार कोण काढणार? तुमच्या फॉर्मात गाईचा रकाना आहे का?"

रकाना नव्हता. म्हणून तर उपचाराला शहरात गेलेल्या फ्लोआराचा रुमाल, गाय बुजू नये यासाठी, डोक्याला बांधून तिच्या जोयाना गाईची धार दीड महिना सावेताच काढत होती.

आज फ्लोआरा उपचार पुरे करून परतली, ती बादली घेऊन थेट गोठ्यात. जोयानानं लाथेसरशी बादली उडवली आणि सावेताकडे बघून हंबरली.

"फितवलीस गं माझी गाय," फ्लोआरा हसून हसून पेंढ्यावर बसली.

सावेतानं फोन लावला. "डॉक्टरसाहेब, लिहून घ्या. पेशंट ठणठणीत आहे. आता गाईची समजूत काढायला कुणाला तरी पाठवा."