नवऱ्याहून थोरली

लेटिशिया कोलनं व्हरांड्याकडचं दार आधी लोटून घेतलं, मगच ती खुर्चीवर टेकली. बाहेरच्या बाकावर पेन्शनीसाठी आलेल्या बायका बसल्या होत्या, म्हणजे फ्रीटाउनच्या निम्म्या जिभा.

"माझं वय चुकलंय," ती पुटपुटली. "नवऱ्याहून पाच वर्षांनी धाकटी लिहिलंय. मी सहा वर्षांनी थोरली आहे."

कारकून हॉर्टननं चष्मा वर केला. कस्टम्समधल्या थॅडियस कोलच्या पगारातून विधवा निधीचा हप्ता दरमहा कापला गेला होता. तो गेल्यावर बायकोला मिळणार होतं ते मात्र चिमणीच्या चाऱ्याएवढं. त्यात घरभाडंही भागत नव्हतं, आणि घरमालक तर टपूनच बसलेला.

"विधवा तरुण असली की निधीला तिला पुष्कळ वर्षं पोसावं लागतं, म्हणून दरसाल थोडं," हॉर्टन म्हणाला. "थोरलीला फार वर्षं द्यावं लागत नाही, म्हणून तिला जवळजवळ दुप्पट. पण पुरावा हवा. चर्चमधली नोंद?"

"चर्चसकट जळाली."

"मग तुमच्या जन्माच्या वेळचं कुणी?"

"आई आहे."

"कुणाची?"

"माझीच की हो!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि म्हातारी अबिगेल काठीबिठी न घेता आत शिरली.

"दार कशाला लोटतेस गं? लिही रे बाबा. ही झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि आता एकोणऐंशीची आहे. कर हिशेब!"

बाकावर खसखस पिकली. लेटिशियाचे कान तापले.

"आई, हळू बोल ना!"

"हळू कशाला? ज्याच्यापासून लपवलंस त्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं."

"थॅडियसला?"

"म्हणाला, 'असू दे आई, तिला धाकटंच राहू दे.' इथंसुद्धा तुझं मन राखायला तसंच लिहून दिलंन बिचाऱ्यानं."

लेटिशियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. नाक पुसून ती उठली आणि थेट व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

"ऐका गं सगळ्याजणी! मी बासष्ट वर्षांची आहे. सहा वर्षांनी लहान नवरा केला होता मी, आणि त्याला ते ठाऊक होतं!"

मग एकीनं टाळी दिली, दुसरीनं "वा गं वाघिणी!" म्हटलं, आणि सगळा बाक हसत उठून तिच्या गळ्यात पडला.

हॉर्टननं नवा आकडा लिहून शिक्का मारला. म्हातारीच्या ताठ पाठीकडे पाहताना त्याच्या मनात एक शंका आली.

"आजी, तुमच्या आई किती वर्षं जगल्या?"

"जगल्या?" अबिगेल म्हणाली. "अरे, ती घरी जेवायची खोळंबलीय. चल गं लेटी, उशीर झाला तर आपल्या दोघींना बोल लावील."