खवट खीर

खिरीची वाटी कुशाबाईच्या कपाळावर बसली आणि पाठोपाठ ताट आलं. ताट हुकलं, भिंतीवर आदळलं. गरम आमटी तिच्या मानेवरून पाठीत उतरली.

"खवट खोबरं? माज्या बाच्या म्हाळाला खवट खोबरं?" तिचा नवरा गेणबा पंगतीतून उठला होता. "नाक हाय का न्हाय गं तुला?"

स्वयंपाकघरातच पंगत बसली होती. गेणबाचे थोरले भाऊ तात्या होते, भावकीतली माणसं होती, मुलगा यशराज होता. सगळ्यांचे घास हातातच राहिले. उठलं कुणीच नाही.

अंथुर्ण्यात गेणबाच्या जिभेचा मोठा दबदबा. लग्नाच्या जेवणावळीत आचारी आधी त्याला वाटी पाठवायचे. मसाला शिळा की ताजा, तेल दुसऱ्यांदा तापवलंय का, हे तो एका घासात सांगायचा. गावाला त्या जिभेचं कौतुक, घराला तिची शिक्षा. ज्या कालवणावर बाकीचे बोटं चाटायचे, त्यात ह्याला कडवटपणा लागायचा, आणि तो लागला की हात उठायचा. एवढ्या नाजूक जिभेला शिव्या कशा गोड लागत होत्या, देव जाणे.

कुशाबाईचं सगळं उलटं. तिला चटणी-भाकरीही सणासारखी लागायची. भाजलेल्या कांद्याच्या नुसत्या वासाने तिचा दिवस चांगला जायचा. पण गेल्या उसाच्या हंगामात वांगं जरासं करपलं म्हणून गेणबाने तिला ढकललं. ती उताणी पडली आणि डोकं मागून पाट्यावर आपटलं. जखम भरली, वास मात्र गेला. खारट, गोड, तिखट एवढं जिभेला समजायचं; बाकी मटण काय अन् मटकी काय, तोंडात सगळा भुसा.

"मागून मार बसला की वासाच्या नसा तुटतात," बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. "चवीचं निम्मं काम नाकच करतं, मावशी. कशानं लागलं?"

"पाय घसरला," ती म्हणाली. सोबत आलेल्या सुनेने, राजनंदिनीने, मान खाली घातली.

तेव्हापासून सून तिचं नाक झाली. कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन चाखायची आणि हळूच म्हणायची, "आई, जमलंय." गेणबाला पत्ता लागू द्यायचा नाही, ह्या एकाच धास्तीत कुशाबाई जगत होती. चव न कळणारी बाई त्याने घरात ठेवली नसती.

पण म्हाळाचा स्वयंपाक नैवेद्य निघेपर्यंत चाखायचा नसतो. मुद्दाम वासही घ्यायचा नसतो. पितर आधी जेवतात. सून वडे थापत होती, आणि पावसाळाभर डब्यात पडून खवटलेलं खोबरं कुशाबाईने किसून खिरीत घातलं.

आता गेणबाने तिचे केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं. एकदा, परत एकदा.

"आबा, सोडा!" राजनंदिनी मध्ये पडली. "आईला वास येत न्हाय! तुमी डोकं फोडलं तवापासनं येत न्हाय!"

"सटवे, तू मला शिकवती?" त्याने सुनेच्या थोबाडीत अशी दिली की ती ओट्याला धडकून खाली बसली. यशराज अर्धा उठला, तात्यांकडे बघितलं आणि परत बसला. असल्या पोराला काय जाळायचंय!

गेणबाने सुनेवर पुन्हा हात उगारला, तेव्हा कुशाबाईने उकळत्या तेलातला झारा उचलला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. ठेवला आणि दाबून धरला. कातडं चरचरलं. गेणबा गुरासारखा ओरडत मागे कोलमडला. पंगतीतल्या माणसांनी नाकाला पंचे लावले. कुशाबाईला कसलाच वास आला नाही.

"माजं गेलं ते गेलं," ती म्हणाली. "ह्या पोरीला हात लावायचा न्हाय."

"तात्या, बघितलं का? नवऱ्याला जाळलं हिनं!"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "कुशा, खरं हाय का ह्ये? वासच येत न्हाय?"

"न्हाय तात्या."

"आन तू म्हनलीस, घसरून पडलीस."

"ह्यांनी ढकललं व्हतं."

तात्यांनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठून बाहेर गेले. त्यांच्यामागे एकेक जण उठला. गेणबा हात पाण्यात बुडवून कण्हत बसला; त्याला कुणी विचारलं नाही.

कुशाबाईने पदराने कपाळावरचं रक्त पुसलं. नवऱ्याचा रिकामा पाट ओढून ती त्यावर बसली आणि सुनेला शेजारी बसवलं. तिच्या ताटात भात वाढला, कढी वाढली, गरम वडे वाढले. स्वतःला वाटीभर खीर घेतली.

राजनंदिनीने रडत रडत खिरीकडे हात नेला. कुशाबाईने तो धरला.

"तू नगं खाऊस. तुला कळतंय अजून."

आणि तिने आपली वाटी सावकाश संपवली.