अकरा गुणांचा नवरा

आमच्या ह्यांना अकरा गुण पडले. अकरा! कारखान्याच्या मनाच्या तपासणीत तेहेतीस पडले असते तर उपचार आणि रजा. कमी पडले म्हणजे प्रकृती ठणठणीत, सोमवारपासून पुन्हा बॉयलरवर हजर. नापास झाल्याबद्दल अभिनंदन झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी कपाळावर हात मारला. बॉयलर फुटून चार महिने झाले. त्यात ह्यांचा पाळीतला जोडीदार गेला आणि तेव्हापासून आमच्या घरात कुकर लावलेला नाही. शेजारी शिट्टी झाली तरी हे अनवाणी जिना उतरून रस्त्यावर! मी सगळं उघड्या पातेल्यात शिजवते. अशा माणसाला अकरा?

ह्यांना घेऊन तडक कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्यांकडे गेले.

"वहिनी, वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. त्यांनी स्वतःच भरलंय," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "आणि आकडा खोटं बोलत नाही."

"दाखवा बघू."

फॉर्म पाहिला आणि माझं डोकंच सणकलं. शून्य, एक, एक, शून्य. सगळं कसं सुबक, एकाखाली एक. झोप लागत नाही? एक. दचकता का? शून्य. म्हणे शून्य! परवा दाराची बेल वाजली आणि कप फुटला, तो काय मी फोडला?

ही आकड्यांची रांग मी ओळखत होते. बॉयलरच्या काट्याचं रीडिंग दर तासाला वहीत लिहायचं असतं. हे उद्याचं पान आदल्या संध्याकाळीच घरी बसून भरून टाकायचे. बावीस वर्षं. तिथे सगळेच तसं करतात. मी चहा करून द्यायचे.

"अहो, इथेही तेच केलंत?"

"जास्त आकडा लिहिला की बोलावतात, चौकशी लावतात," हे खाली बघत म्हणाले. "हात आपोआप तसाच चालला."

"अरे बाबा, बोलावता यावं म्हणूनच तर हा फॉर्म आहे!" साहेब खो खो हसले.

"त्या दिवशी बॉयलर सकाळी साडेनऊला फुटला," हे म्हणाले. "वहीत संध्याकाळी पाचपर्यंत सगळं ठीक होतं."

साहेबांचं हसू मावळलं. बॉयलरमध्ये दोष नव्हता, हा अहवाल त्यांनीच त्या वहीवरून लिहिला होता. साडेनऊच्या पुढच्या ओळी कुणी वाचल्याच नव्हत्या. त्या पानाच्या वेळचा चहाही माझ्याच हातचा होता.

साहेबांनी गुपचूप एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. पहिला प्रश्न: तो प्रसंग नको असताना आठवतो का? ह्यांनी चार लिहिले. मग पेन तिथेच धरून बसून राहिले.

"साहेब," हे म्हणाले, "चारच्या पुढे काही नाही का?"