वीस मिनिटं रेस

नवनाथला खोटं बोलता येत नाही, हे सातपूरच्या सगळ्या वर्कशॉपना ठाऊक होतं. बोलायला गेला की कान लालबुंद. आणि नेमकी त्यालाच मीनावहिनींनी गळ घातली, "भाऊजी, माझी शपथ आहे तुम्हाला. ह्यांना काही कळू देऊ नका."

ह्यांना म्हणजे भिकनला. नवनाथचा उस्ताद म्हणा, दोस्त म्हणा. डॉक्टरांनी भिकनचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. फार तर पंधरा दिवस, म्हणाले. भिकनला मात्र सांगितलं, पित्ताचे खडे होते, काढले.

"बरं झालं ब्याद गेली," भिकन म्हणाला. "आता माझी गाडी उरकून टाक."

गाडी म्हणजे दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, सिन्नरच्या भंगारातून आणलेली. जन्मभर लोकांची इंजिनं बांधणाऱ्या माणसाची स्वतःची अशी ही एकच हौस! इंजिन नंबरी, पण दोन्ही कॅमशाफ्ट पार झिजलेले. व्हॉल्व्ह दाबणारी कॅमची नाकं बसकी झाली होती, गाडी चढाला धापा टाकायची. नवे कॅमशाफ्ट आता कुठून मिळायचे? नवनाथनं नाकांवर वेल्डिंगचा भर चढवला, घासून एकेक नाक मूळ आकाराला आणलं, हार्डनिंग करून घेतलं. इतकं सुबक काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. कुणासाठी करतोय हे आठवलं, की बिचारा मशीन बंद करून मागच्या बाजूला जाऊन रडून यायचा.

भिकनचा एक नियम होता. कॅम नवा घासला की पहिल्या स्टार्टला गाडी स्लोवर सोडायची नाही. सलग वीस मिनिटं चांगली रेस धरायची, म्हणजे कॅमला भरपूर तेल मिळतं आणि तो नीट बसतो. नाहीतर चार-आठ दिवसांत खाल्ला जातो. शिकत असताना नवनाथनं एकदा अशी गाडी स्लोवर सोडली, तर भिकननं भर गिऱ्हाइकासमोर कानफटात दिली होती. "उद्या चालवायची हाय का नाय ही गाडी, गाढवा?"

नवव्या दिवशी इंजिन जुळलं. भिकनला रिक्षातून आणून गाडीच्या दाराशीच खुर्चीत बसवलं. अंगावर शाल, आत नुसती हाडं. वहिनी समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेल्या.

"लाव," भिकन म्हणाला. "तिची गुडगुड ऐकायला जीव आसुसलाय बघ."

नवनाथनं सीटवर बसून किल्ली फिरवली. एका दमात इंजिन लागलं. अहाहा, काय तो आवाज! भिकनचा चेहरा उजळला. आता रेस चढवायची. पण नवनाथला वाटलं, या गोंगाटात, धुरात हा वीस मिनिटं कसा बसेल? त्याला हवी आहे ती गुडगुड. पुढं कॅम खाल्ला तर खाल्ला, गाडी चालवायला हा थोडाच असणार आहे? त्यानं पाय काढला.

गाडी संथ गुडगुडू लागली. भिकननं सुखानं डोळे मिटले. मग एकदम उघडले.

"रेस का नाय धरली?"

"म्हटलं, तू आधी ऐक जरा..."

"नव्या कॅमवर?"

"काही होत नाही तेवढ्यानं," नवनाथ म्हणाला. कान मात्र लाल झाले. भिकन त्या कानांकडे बघत राहिला.

"किती दिवस म्हणला डॉक्टर?"

नवनाथनं तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला.

"रडतो काय? रेस धर आधी!" भिकन ओरडला. ओरडताना त्याचाही आवाज फाटला. "मी चाललो म्हणून कॅम खाल्ला जाऊ देतो व्हय?"

नवनाथनं पाय दाबला. वर्कशॉप दणाणून गेलं. भिकननं त्याला जवळ वाकायची खूण केली आणि कानाशी बोलला, "मला समजलंय, हे मीनाला कळू देऊ नको. लय घोर लावून घेईल. शपथ हाय तुला."

मग तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वीस मिनिटं मोजत बसला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

चहा घेऊन वहिनी आल्या, दोघांचे चेहरे पाहून दारातच थबकल्या. "अगंबाई! काय झालं? गाडी बिघडली का?"

"नाय गं, धूर गेला डोळ्यात," भिकन म्हणाला. "गाडी आता लय वर्षं चालंल."